अपुऱ्या दिवसांचे बाळ घरी आल्यावर

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वैद्यकीय भाषेत मुदतपूर्व बाळ म्हणतात. घरोघरी त्याला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणण्याची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली आणि त्यांतली सर्वाधिक, म्हणजे ३० लाखांच्या आसपास, एकट्या भारतातली होती. इतक्या घरांत हे घडत असूनही रुग्णालयातल्या उबेच्या पेटीतून निघालेले बाळ पहिल्यांदा घरी आणताना आईबापाला फार एकटे वाटते. रुग्णालयात पडद्यावर आकडे दिसत असतात, काही बिघडले तर यंत्र वाजते, परिचारिका दर दोन तासांनी येऊन जाते. घरी यांतले काहीच नसते. त्या पहिल्या रात्रीपासून साधारण दोन वर्षांपर्यंत रोज काय करायचे, कशावर नजर ठेवायची आणि कशाची काळजी सोडून द्यायची, ते येथे क्रमाने लिहिले आहे. माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, त्यामुळे यातले काही अनुभवाचे आहे. आकडे मात्र बालरोगतज्ज्ञ नेहमी वापरतात तेच आहेत. तुमच्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर वेगळे काही लिहिले असेल, तर तेच प्रमाण मानावे.

आधी एक समजूत दूर करायला हवी. ‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ असे अजूनही बाळंतिणीच्या खोलीत बोलले जाते आणि ते ऐकून आठव्या महिन्यात बाळंत झालेल्या आईचा जीव खालीवर होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पोटात राहिलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाची फुप्फुसे, मेंदू आणि आतडी अधिक तयार करतो. त्यामुळे चौतिसाव्या आठवड्यातल्या बाळापुढच्या अडचणी तिसाव्या आठवड्यातल्या बाळापेक्षा बऱ्याच कमी असतात. असे बोलणाऱ्या व्यक्तीशी वाद घालायची गरज नाही, परंतु आईच्या कानावर ते पुन्हा पडणार नाही एवढे घरातल्या कोणीतरी पाहावे.

दोन वये

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दोन वये असतात आणि रोजच्या बहुतेक चिंता या दोहोंची गल्लत झाल्यामुळे उभ्या राहतात. एक जन्मतारखेपासूनचे वय. दुसरे दुरुस्त वय, म्हणजे बाळ जितके आठवडे लवकर आले तितके आठवडे जन्मवयातून वजा करून उरलेले वय. एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ पूर्ण चाळीस आठवड्यांच्या हिशेबाने नऊ आठवडे आधी आले. ते जन्मून सतरा आठवडे झाले तेव्हा शेजारच्या घरातले तेवढ्याच वयाचे मूल मान सावरू लागलेले असते, पण या बाळाचे दुरुस्त वय आठच आठवडे असते आणि त्याने नुकते हसायला सुरुवात केली असेल, तर ते अगदी वेळेवर आहे.

लसीकरण जन्मवयाप्रमाणे चालते. बाळाची वाढ, वजनाचा तक्ता, मान धरणे, पालथे पडणे, बसणे, वरचे अन्न सुरू करणे, हे सारे दुरुस्त वयाप्रमाणे पाहायचे असते आणि हा हिशेब साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत ठेवायचा असतो. प्रसूतीची मूळ अपेक्षित तारीख बाळाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावी, कारण दवाखाना बदलला किंवा नवे डॉक्टर भेटले की सर्वांत आधी तीच लागते. जिन्यात भेटणाऱ्या माणसाने ‘किती महिन्यांचे झाले?’ असे विचारले, तर दुरुस्त वय सांगून मोकळे व्हावे. पुढचे ‘मग एवढे लहान कसे?’ टळते, आणि बाळंतिणीच्या मनाला त्या दिवसांत इतकीही विश्रांती पुरेशी मोलाची असते.

ऊब

बाळाला घरी सोडताना डॉक्टर तीन गोष्टी पाहतात: ते तोंडाने पुरेसे दूध घेते का, त्याचे वजन रोज वाढते का, आणि पेटीबाहेर ते आपले तापमान टिकवते का. बहुतेक ठिकाणी त्या वेळी वजन १६०० ते १८०० ग्रॅमच्या आसपास असते. या बाळांच्या कातडीखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो, आणि शरीराच्या मानाने कातडीचा पृष्ठभाग मोठा असतो; म्हणून ती झटकन गार पडतात, आणि गार पडलेले बाळ दूध पिण्याची ताकद अंग गरम ठेवण्यात घालवते. वजन न वाढण्याचे एक कारण अनेकदा एवढेच असते.

बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. डिजिटल थर्मामीटर काखेत धरून तो वाजेपर्यंत थांबावे. पण दिवसातून दहा वेळा थर्मामीटर लावण्याची गरज नाही, हाताची सवय करून घ्यावी. आपल्या बोटांची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावावी. पोट आणि पाय दोन्ही कोमट लागले तर सगळे ठीक आहे. पोट गरम आणि पाय गार लागले, तर बाळ थंडीशी झगडू लागले आहे. लगेच टोपडे-मोजे घालून त्याला छातीशी घ्यावे. दोन्ही गार लागले, तर थर्मामीटर लावावा, बाळाला छातीशी धरावे आणि तासाभरात ऊब आली नाही किंवा बाळ सुस्त वाटले, तर दवाखाना गाठावा.

छातीशी धरणे म्हणजे कांगारू पद्धत. ती रुग्णालयातच शिकवलेली असते, पण घरी आल्यावर बरीच कुटुंबे सोडून देतात. ही पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडू लागल्या म्हणून सुरू झाली. पुढे भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच सुरू केलेल्या कांगारू पद्धतीने १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेले दिसले. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला ८ ते २४ तास, म्हणजे जितका जास्त जमेल तितका वेळ, ही ऊब देण्यास सांगते.

घरी ते असे करावे. बाळाला फक्त लंगोट किंवा डायपर, टोपडे आणि मोजे असावेत. त्याला उभे धरून आईच्या दोन्ही स्तनांमध्ये उघड्या छातीवर ठेवावे. मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर उचललेली असावी, हनुवटी छातीत रुतलेली नसावी. पाय बेडकासारखे दुमडलेले, हात कोपरांत वाकलेले. बाळाच्या कानाच्या खालच्या कडेपर्यंत येईल असे मऊ सुती लुगडे किंवा ओढणी घट्ट गुंडाळावी आणि वरून सैल गाऊन किंवा सदरा घालावा. पाठीला उशा लावून थोडे रेलून बसावे. एका वेळी निदान तासभर तरी ठेवावे, कारण त्याहून कमी वेळात बाळाची झोपेची एक फेरीही पूर्ण होत नाही. बाबांनी, आजीने, मावशीनेही ते करावे; अट इतकीच की हात आणि छाती स्वच्छ असावी, अंगावर अत्तर किंवा पावडर नसावी आणि ती व्यक्ती सर्दी-खोकल्याने आजारी नसावी. आमच्या घरी संध्याकाळचा वेळ बाबांचा होता आणि त्यामुळे मला जेवायला व पाठ टेकायला अवधी मिळत असे. बाळ वाढले की ते स्वतःच वळवळून, पाय बाहेर काढून नको असल्याचे दाखवते. बहुधा वजन अडीच किलोच्या आसपास आलेले असते आणि तेव्हा थांबायला हरकत नाही.

विदर्भ-मराठवाड्यात वैशाखात जन्मलेल्या बाळाचा प्रश्न उलटा असतो. खोली २५ ते २८ अंशांच्या आसपास असणे चांगले. पंखा किंवा कूलर चालू ठेवायला हरकत नाही, फक्त वाऱ्याचा झोत बाळावर नको. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात लोकरीची कुंची आणि तीन दुपटी गुंडाळलेल्या बाळाचे तापमान वाढणारच. अशा वेळी कपडे कमी करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे, तरीही ३७.५ च्या वर राहिले तर तो ताप समजून डॉक्टरांकडे न्यावे.

अंघोळीची घाई करू नये. वजन दोन-अडीच किलो होईपर्यंत कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने एकेक भाग पुसून लगेच कोरडा करणे पुरते.

दूध

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्हींचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यापासून जमू लागतो. त्यामुळे घरी आलेले बाळ स्तनाला लागत असले, तरी पाच मिनिटांत थकून झोपी जाते आणि आईला वाटते की पोट भरले. पहिले काही आठवडे बाळ रडेल तेव्हा पाजू, असे धोरण चालत नाही. भूक लागल्याचे सांगायचीही ताकद या बाळांत नेहमी नसते. दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा, उठवून पाजावे. उठवण्यासाठी दुपटे सोडावे, डायपर बदलावा, तळपाय किंवा पाठ बोटांनी हलकेच चोळावी.

स्तनपानानंतर डॉक्टरांनी सांगितले असेल, तर काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या भांड्याने, द्यावे. बाटली टाळावी, तिची साफसफाई अवघड असते आणि तिच्या सवयीने बाळ स्तन नाकारते. बोंडल्याने पाजण्याची एक पद्धत आहे. बाळाला मांडीवर थोडे बसते धरावे, डोके कोपराच्या वळणात टेकवावे. बोंडल्याची चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर टेकवून दूध ओठाला लागेल इतकेच तिरके करावे आणि थांबावे. बाळ जीभ पुढे आणून दूध आत ओढते, गिळते, श्वास घेते. मगच पुढचा थेंब. दूध तोंडात ओतू नये. ओठांभोवती निळसर छटा आली, बोटे ताठ पसरली, भुवया आक्रसल्या किंवा दूध गालातून ओघळू लागले, तर ‘जरा थांबा’ असे बाळ सांगत आहे असे समजावे. सुरुवातीला एकेका पाजण्याला अर्धा तास लागतो आणि त्यात आजीचा धीर आईपेक्षा जास्त टिकतो, असे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

दूध काढताना हात साबणाने धुवावेत आणि भांडे उकळून घेतलेले असावे. आपल्या हवेत काढलेले दूध झाकून चार तासांपर्यंत बाहेर आणि फ्रीजमध्ये आतल्या बाजूला, दारात नव्हे, २४ तासांपर्यंत ठेवावे. प्रत्येक वाटीवर वेळ लिहावी. दूध तापवू नये, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच ठेवू नये. वाटी कोमट पाण्यात ठेवून हलकेच ढवळावे, म्हणजे वर आलेली साय मिसळते. ती साय म्हणजेच बाळाचे वजन आहे, ती भांड्याला चिकटून वाया जाऊ देऊ नये. आईला दूध कमी येत असेल, तर दिवसरात्रीत आठ वेळा तरी स्तन रिकामे करावेत, विशेषतः रात्री एकदा. मागणी वाढली की पुरवठा वाढतो. तरीही पुरत नसेल, तर रुग्णालयात मातृदुग्धपेढीची चौकशी करावी. आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तेथे दात्या मातांची तपासणी होते आणि दूध पाश्चरीकृत केले जाते. म्हणूनच ओळखीतल्या बाळंतिणीचे दूध न तपासता परस्पर पाजण्यापेक्षा पेढीचे दूध सुरक्षित. गाईचे, शेळीचे किंवा पाणी घातलेले दूध या बाळांना चालत नाही. वरचे पाणी, साखरपाणी, गुटी आणि मध यांतले काहीही देऊ नये. मधातून एक वर्षाखालच्या मुलांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

वजन रोज तोलण्याच्या फंदात पडू नये. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत तोलावे. आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढ समाधानकारक असते. दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पोटात जात आहे. लोहाचे थेंब, जीवनसत्त्व ड (बहुधा रोज ४०० युनिट) आणि काही बाळांना कॅल्शियम-फॉस्फरस डॉक्टर लिहून देतात. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून मिळणारा साठा या बाळांना मिळालेलाच नसतो, म्हणून ही औषधे टॉनिक समजून मध्येच बंद करू नयेत. वजन वाढले की मात्राही बदलते, त्यामुळे प्रत्येक भेटीत ती नव्याने विचारून घ्यावी. लोहामुळे शी काळसर होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

हात, पाहुणे आणि रीती

जंतुसंसर्गापासून बाळाला वाचवणारी सर्वांत परिणामकारक वस्तू म्हणजे साबण आणि पाणी. बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने, आईनेसुद्धा, अंगठी-बांगड्या वर सारून कोपरापर्यंत हात धुवावेत. पहिले दोन-तीन महिने भेटायला येणाऱ्यांनी दारातून पाहावे. मुका घेणे, गर्दीत नेणे, लग्नाला नेणे यांना स्पष्ट नकार द्यावा. हा नकार सासरच्या माणसांना सुनेने देण्यापेक्षा मुलाने द्यावा आणि ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ असे म्हणावे. तेवढ्याने बहुतेक घरांत प्रश्न मिटतो. बारसे मूळ अपेक्षित तारखेनंतर आणि घरच्या माणसांत केले, तर नाव ठेवण्याचा आनंद तितकाच राहतो.

आपल्याकडच्या बाळंतपणातल्या सगळ्याच रीती वाईट नाहीत. खोबरेल तेलाने अंगावरून हलका हात फिरवणे बाळाच्या कातडीला आणि झोपेला चांगले असते. मात्र तेही डॉक्टरांना विचारून, उबदार खोलीत आणि आईच्या हाताने करावे. अंग पिळून काढणारी, पाय डोक्यापर्यंत नेणारी मालीश या हाडांना झेपत नाही. कानात, नाकात तेल घालू नये. काजळ घालू नये, कारण त्यात शिसे असू शकते. टाळूवर तेलाचा थेंब ठेवला तर बिघडत नाही, दाबून भरू नये. ओवा-शेपाची धुरी, उदबत्ती, डास पळवणारी कॉइल, चुलीचा धूर आणि विडी-सिगारेट, हे सगळे नुकत्याच तयार झालेल्या फुप्फुसांचे शत्रू आहेत. डासांसाठी मच्छरदाणी वापरावी. या एका बाबतीत वडीलधाऱ्यांचा मान राखण्यासाठीही तडजोड करू नये.

झोपताना बाळाला नेहमी उताणे ठेवावे. रुग्णालयात त्याला पालथे झोपवलेले तुम्ही पाहिले असेल, पण तेथे यंत्र सतत श्वास मोजत होते. अंथरूण सपाट आणि टणक असावे. मोहरीची उशी, मऊ गादी, तोंडाजवळ येणारे दुपटे नसावे. डोके चपटे होईल म्हणून उशी देतात, त्याऐवजी जागेपणी, समोर बसून, दिवसातून काही वेळा बाळाला पालथे ठेवावे आणि झोपवताना डोक्याची दिशा बदलत राहावी. पाळणा सपाट असेल तर चालेल. झोळीत हनुवटी छातीवर येऊन श्वासाची वाट दबते, म्हणून झोळी टाळावी. बाळ आईच्या खोलीतच, पण वेगळ्या अंथरुणावर असावे, आणि छातीशी धरलेले असताना डोळा लागू लागला तर ते दुसऱ्याच्या हाती द्यावे.

कधी धावायचे

या बाळांचा श्वास लयीत नसतो. काही जलद श्वास, मग पाच-दहा सेकंदांची विश्रांती, मग पुन्हा श्वास, असे झोपेत चालते आणि रंग गुलाबीच राहतो. ते नेहमीचे आहे. पण श्वास २० सेकंदांहून अधिक थांबला, किंवा त्याहून कमी थांबूनही ओठ-जीभ निळी झाली, अंग सैल पडले, तर तळपाय चोळून बाळाला जागे करावे आणि नंतर ते पूर्ववत दिसले तरीही थेट रुग्णालयात न्यावे. प्रतिसाद मिळालाच नाही, तर १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयात शिकवलेला तोंडाने श्वास देण्याचा उपाय सुरू करावा. म्हणूनच डिस्चार्जच्या आधी घरातल्या दोघांनी तरी तो परिचारिकेकडून बाहुलीवर करून घ्यावा.

याखेरीज पुढील गोष्टी दिसल्या तर सकाळ होण्याची वाट पाहू नये: लागोपाठ दोन वेळा दूध न घेणे; शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजून ६० हून जास्त श्वास; बरगड्यांखाली खड्डा पडणे किंवा कण्हणे; अंग गार आणि सुस्त; ताप; आकडी; हिरवी उलटी, फुगलेले टणक पोट किंवा शीमध्ये रक्त; तळहात-तळपायापर्यंत उतरलेली कावीळ. मुदतपूर्व मुलग्यांत जांघेतला हर्निया बऱ्याचदा आढळतो. रडताना येऊन आपोआप जाणारी मऊ गाठ डॉक्टरांना दाखवून ठेवावी, पण तीच टणक झाली, दाबूनही आत जाईना आणि बाळ कळवळू लागले, तर ती तातडीची शस्त्रक्रिया असू शकते. दूध पाजल्यावर गुळणी येणे, उचक्या, शिंका, शी करताना तोंड लाल होणे यांनी घाबरू नये.

डोळे आणि कान

संपूर्ण लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा: डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चुकवू नका. बाळाच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या गर्भारपणाच्या शेवटापर्यंत वाढत असतात. बाळ लवकर जन्मले की ती वाढ अडते आणि काही बाळांत पुढे वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या उगवून पडदा ओढला जातो. या आजाराला रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी म्हणतात. बाहेरून डोळा स्वच्छ, टपोरा दिसतो. आई कितीही दक्ष असली तरी तिला काही कळत नाही, आणि कळण्याची वेळ येते तेव्हा उपाय उरत नाही. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांची त्याही आधी, दोन-तीन आठवड्यांत. याहून मोठ्या बाळाला प्राणवायू बरेच दिवस लागला असेल किंवा मोठा संसर्ग झाला असेल, तर त्याचीही तपासणी करतात. हे दिवस जन्मतारखेपासून मोजायचे, डिस्चार्जपासून नव्हे. बऱ्याचदा बाळ पंचविसाव्या दिवशी घरी येते, सगळे आनंदात असतात आणि नेमका तोच आठवडा निघून जातो.

एका तपासणीत भागत नाही; रक्तवाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी बोलावतात आणि प्रत्येक तारखेला जावेच लागते. उपचार ठरला, तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत व्हावे लागते. तपासणीत डोळे उघडे ठेवण्यासाठी लावलेली छोटी चिमटी पाहून आईबापाला गलबलून येते, पण बाळ थोड्या वेळाने शांत होते. तपासणीआधी तासभर पाजू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली, तामिळनाडूतील एका सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या आणि ही तपासणी न सुचवल्यामुळे दृष्टी गमावलेल्या मुलीला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला होता. तपासणीची वेळ सांगणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे आणि विचारणे हा तुमचा हक्क. जिल्हा रुग्णालयांमार्फत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही हा आजार समाविष्ट आहे.

अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची श्रवणतपासणी बेरा या पद्धतीने, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू देतात तो प्रतिसाद यंत्राने मोजून, करून घ्यावी. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा त्याचा क्रम आहे. टाळी वाजवल्यावर दचकते म्हणजे ऐकू येते, असे समजू नये.

वाढ पाहताना

दुरुस्त वयाच्या दुसऱ्या महिन्याच्या आसपास बाळ तुमच्याकडे पाहून हसते, तीन-चार महिन्यांत मान धरते, आठव्याच्या सुमारास आधाराशिवाय बसते आणि बारा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान, काही मुले अठरापर्यंत, चालू लागतात. थोडे मागेपुढे चालते. त्याहून महत्त्वाचे असते ते बाळ हालचाल कशी करते हे: चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या, डायपर बदलताना मांड्या उघडत नाहीत इतके पाय ताठ, वर्षाच्या आतच एकाच हाताचा वापर, नजर न मिळवणे. असे काही वाटले तर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसू नये. जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा बालविकासतज्ज्ञाकडे जावे. पहिल्या वर्षात सुरू केलेल्या व्यायामाचा मेंदूला जो उपयोग होतो, तो तिसऱ्या वर्षी सुरू केल्याने होत नाही. वॉकरमध्ये बसवू नये.

खेळण्यांपेक्षा तुमचा चेहरा आणि आवाज पुरेसा असतो. या बाळांना उजेड-आवाजाचा लवकर शीण येतो; जांभया देणे, तोंड फिरवणे, हाताचा पंजा पसरून पुढे धरणे, हे ‘पुरे’चे इशारे आहेत. तेव्हा बोलणे थांबवून त्याला जवळ धरून ठेवावे.

वरचे अन्न साधारण दुरुस्त वयाच्या सहा महिन्यांच्या सुमारास, मान पक्की झाल्यावर आणि आधाराने बसू लागल्यावर, डॉक्टरांना विचारून सुरू करावे. तूप घातलेली घोटलेली मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व, मऊ वरण-भात यांनी आरंभ करावा. पेजेचे नुसते पाणी पोट भरते आणि ताकद देत नाही. लसी वजनाच्या नावाखाली लांबवू नयेत. जन्माच्या वेळच्या काही लसी खूप कमी वजनामुळे पुढे ढकलल्या असतील, तर त्या कधी द्यायच्या हे कार्डावर लिहून घ्यावे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी जन्मवयाने वेळेवर द्याव्यात. घरातल्या मोठ्यांनी फ्लूची लस घेतली, तर बाळाभोवती एक कडे तयार होते.

आई-बाबा आणि मदत

अतिदक्षता विभागातून आलेल्या बाळाच्या आईला झोप मिळत नाही, रडू येते, ‘माझ्यामुळेच लवकर झाले’ असे वाटत राहते. बहुतेक वेळा मुदतपूर्व प्रसूतीचे कारण आईच्या हातात नव्हतेच. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिले, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले किंवा स्वतःला संपवण्याचे विचार आले, तर तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे. ही गोष्ट नवऱ्याने आधी ओळखायला शिकले पाहिजे. रात्रीच्या पाजण्यांपैकी वाटी-चमच्याची एक पाळी बाबांनी उचलली, तर आईला सलग चार तास झोप मिळते. दूध येण्यासाठी त्या झोपेइतके उपयोगी दुसरे फार थोडे आहे.

नोकरी करणाऱ्या आईला पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्याने मिळते. याशिवाय गर्भारपण, बाळंतपण किंवा मुदतपूर्व प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारपणासाठी, दाखला सादर केल्यास, आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद आहे. ती अनेक कार्यालयांत कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांकडून तसा दाखला घ्यावा. सरकारी रुग्णालयात आजारी अर्भकाचे उपचार, औषधे आणि ने-आण एक वर्षापर्यंत जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. गावात आशाताई पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या भेटी देतात आणि विशेष नवजात कक्षातून घरी आलेल्या बाळाची त्यानंतरही विचारपूस करतात. त्यांच्याजवळ वजनकाटा आणि थर्मामीटर असतो. दर आठवड्याचे वजन त्यांच्याकडूनच करून घेऊन वहीत लिहावे, आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही, डिस्चार्जचा कागद, माता व बाल संरक्षण कार्ड आणि डोळ्यांच्या तपासणीचे कागद एकाच पिशवीत ठेवून ती दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवावी.